डोळा काढण्याआधी कोअरमध्ये जा : अमेरिकेत व्हिजन रिसर्चमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे ऊतींचे पातळ छेद घेणाऱ्या खोलीतल्या, टेबलावर मी बत्तीस बाटल्या मांडल्या. प्रत्येकीत उंदराचा एकेक डोळा, वाटाण्याहूनही लहान. तिथल्या बाईंनी एक बाटली उघडली, डोळा चिमट्यात धरून दिव्यासमोर फिरवला आणि शांतपणे विचारलं, "यातली वरची बाजू कुठली?"

मला सांगता येईना. डोळा एकदा काढला की तो गोल असतो, त्याला वर-खाली काही नसतं. आणि माझ्या प्रयोगाचा सगळा डोलारा रेटिनाच्या (डोळ्याच्या आतल्या, प्रकाश टिपणाऱ्या पडद्याच्या) वरच्या आणि खालच्या भागातल्या फरकावर उभा होता. चार महिने सांभाळलेले उंदीर, बत्तीस डोळे, एकाही डोळ्यावर खूण नाही. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि खुणा करायच्या निळ्या दोऱ्याचं रीळ माझ्यासमोर ठेवलं. मी आदल्या महिन्यात दहा मिनिटं येऊन गेले असते तर तो दोरा तेव्हाच मिळाला असता.

पुण्यात पीएचडी करून अमेरिकेत पोस्टडॉकला आलेल्या माझ्यासारख्यांसाठी, विद्यापीठातल्या सामायिक सोयी म्हणजे 'कोअर' कशी वापरायची यावर हा लेख आहे. पीएचडीसाठी थेट इकडे येणाऱ्यांनाही उपयोगी पडेल. नावं आणि नियम विद्यापीठागणिक थोडे बदलतात, पण खड्डे बहुतेक ठिकाणी तेच आहेत.

१. कोअर म्हणजे काय, आणि त्याचे पैसे कोण देतं

अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत डोळ्यांसाठी स्वतंत्र संस्था आहे, नॅशनल आय इन्स्टिट्यूट. तिची स्थापना १९६८ सालची. लॅबमध्ये तिला कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, सगळे 'एनईआय' म्हणतात. एखाद्या शास्त्रज्ञाला त्याच्या स्वतःच्या प्रश्नासाठी मिळणारं अनुदान म्हणजे आर-०१. पी-३० हे अनुदान वेगळं. एका विद्यापीठात डोळ्यांवर काम करणाऱ्या अनेक लॅबना मिळून वापरता येतील अशा सोयींसाठी, आणि त्या चालवणाऱ्या माणसांच्या पगारासाठी ते असतं. या सोयींनाच 'कोअर' म्हणतात आणि त्यांच्या प्रत्येक शाखेला 'मॉड्यूल'. बहुतेक ठिकाणी इमेजिंग, हिस्टॉलॉजी, जिवंत प्राण्यांची दृष्टी मोजायची खोली, यंत्रं-सुटे भाग बनवणारं शॉप आणि आकडेशास्त्र किंवा संगणक यांपैकी तीन-चार मॉड्यूल असतात. काही ठिकाणी विषाणू-व्हेक्टर, म्हणजे पेशीत जनुक पोचवणारे विषाणू, बनवणारंही असतं.

इथे दोन गोष्टी आधी विचारून घ्या. पहिली, तुमच्या पीआयकडे, म्हणजे लॅबप्रमुखाकडे, एनईआयचं अनुदान आहे का? पी-३०मध्ये पहिला हक्क अशा लॅबचा असतो. तुमचा पीआय न्यूरोसायन्स विभागातला असेल आणि पैसे दुसऱ्या इन्स्टिट्यूटकडून येत असतील, तर तुमचा दर आणि रांगेतली जागा दोन्ही बदलू शकतात. दुसरी, विद्यापीठात व्हिजन कोअरशिवाय एक सार्वजनिक इमेजिंग कोअरही असतं. तिथला मायक्रोस्कोप कदाचित जास्त नवा असेल, पण तिथल्या माणसाने रेटिनाचा फ्लॅटमाउंट (स्लाइडवर सपाट पसरलेली रेटिना) आयुष्यात पाहिला असेलच असं नाही. सुरुवातीला मी जुना मायक्रोस्कोप आणि जाणता माणूस हीच जोडी निवडेन.

२. कागदपत्रं : पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका

यादी सरळ आहे, फक्त प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो.

– विद्यापीठाचं ओळखपत्र आणि लॉगिन. कोअरच्या दारांसाठी ओळखपत्रावर वेगळी परवानगी चढवावी लागते.
– बुकिंगच्या प्रणालीवर खातं. बऱ्याच ठिकाणी आयलॅब वापरतात. त्यात तुमच्या पीआयने तुम्हाला 'लॅब मेंबर' म्हणून मान्य करायचं असतं.
– बिल ज्यातून जाणार तो खातेक्रमांक. हा पीआयला विचारू नका, विभागातल्या अनुदान सांभाळणाऱ्या व्यक्तीला विचारा.
– प्राण्यांवर काम करायचं तर सीआयटीआयचं ऑनलाइन प्रशिक्षण, ऑक्युपेशनल हेल्थची तपासणी आणि तुमचं नाव असलेला आयएसीयूसी प्रोटोकॉल.
– लेझर आणि रासायनिक सुरक्षिततेची प्रशिक्षणं.
– माणसाच्या ऊतींसाठी रक्तजन्य संसर्गाचं प्रशिक्षण, माणसांवर चाचण्या करायच्या तर आयआरबीची, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाच्या नैतिकता समितीची, मंजुरी.
– विषाणू-व्हेक्टरसाठी बायोसेफ्टी समितीची मंजुरी.

यात घोडं पेंड खातं ते आयएसीयूसीपाशी. आपल्याकडे जशी प्राणी नैतिकता समिती, तशी ही. प्रोटोकॉलमध्ये तुमचं नाव असणं पुरत नाही. तुम्ही करणार ती प्रत्येक गोष्ट तिथे नावानिशी लिहिलेली हवी : कुठलं भुलीचं औषध, डोळ्यात कुठले थेंब, ईआरजी (रेटिनाच्या विजेची नोंद) किती वेळा, ओसीटी (रेटिनाच्या थरांचं चित्र) किती वेळा. 'कोअरकडे परवानगी आहेच की' हा गैरसमज जवळपास प्रत्येक नवीन माणसाचा असतो. कोअरची परवानगी कोअरपुरती, तुमचे उंदीर तुमच्या प्रोटोकॉलवर.

आणखी एक प्रश्न, जो मला कोणी सांगितला नव्हता : उंदीर प्राणिगृहातून कोअरच्या खोलीत नेता येतात, पण तिथून परत आणता येतात का? जंतूंचा शिरकाव नको म्हणून पुष्कळ ठिकाणी बाहेर गेलेला प्राणी मूळ खोलीत परत घेत नाहीत. त्याच उंदराची दृष्टी तुम्हाला एक, तीन आणि सहा महिन्यांनी मोजायची असेल, तर पहिल्या मोजणीनंतर तो राहणार कुठे हे आधी ठरवा.

३. पहिली भेट : यंत्र मागू नका, प्रश्न सांगा

आपल्याकडच्या पुष्कळ केंद्रांत पद्धत अशी, की नमुना आणि फॉर्म द्यायचा आणि निकाल घ्यायला यायचं. यंत्राला हात ऑपरेटरचा. इकडे उलट. दोन-तीन प्रशिक्षणं झाली की यंत्र तुमच्या हवाली. रात्री अकराला एकट्याने कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर बसणं इथे नेहमीचंच. स्वातंत्र्य छान वाटतं, पण चुकलं तर शेजारी सांगायला कोणी नसतं. म्हणून पहिली भेट महत्त्वाची.

मॅनेजरला ईमेल करताना 'मला कॉन्फोकल वापरायचा आहे' असं लिहू नका. पाच ओळी पुरतात : प्राणी कुठला आणि किती वयाचा, काय मोजायचं आहे, किती नमुने, केव्हापर्यंत, आणि आजवर काय करून पाहिलं. भेटायला जाताना कागदावर डोळ्याचं चित्र काढून न्या आणि कुठला थर, कुठली जागा हवी आहे तिथे बोट ठेवा. माझ्या पहिल्या भेटीत चित्र नव्हतं आणि अर्धा तास 'बाहेरचा थर' या शब्दांवर गेला. मी बोलत होते फोटोरिसेप्टरबद्दल, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पेशींबद्दल, समोरचा समजत होता डोळ्याच्या बाहेरचं पांढरं कवच.

नावाने हाक मारा. 'सर', 'मॅडम' जिभेवरून जायला वर्ष लागतं, पण इथे विभागप्रमुखालाही पहिल्या नावाने बोलावतात. यात अनादर नाही. अनादर होतो तो कोअरच्या लोकांना तंत्रज्ञ समजून हुकूम सोडण्यात. त्यातले कित्येक जण वीस-वीस वर्षं फक्त डोळेच कापत किंवा ईआरजीच काढत आलेले असतात, आणि तुमच्या पीआयपेक्षा त्यांनी जास्त डोळे पाहिलेले असतात.

४. उंदीर मागवण्याआधी त्याचं कूळ विचारा

हे काम कोअरचं नाही, पण कोअरच्या माणसाला हे नक्की ठाऊक असतं. काळ्या उंदरांची प्रसिद्ध जात सी५७ बीएल/६. तिच्या दोन उपजाती, 'जे' आणि 'एन'. दिसायला एकसारख्या. पण 'एन'मध्ये सीआरबी-१ या जनुकात दोष आहे, त्याला आरडी-८ म्हणतात, आणि त्याने रेटिनात घड्या नि ठिपके दिसतात. हे २०१२ साली छापून आलं, तेव्हा जगभरच्या लॅबना आपले जुने निष्कर्ष पुन्हा तपासावे लागले. जनुक बदललेले पुष्कळ उंदीर 'एन' पेशींपासून बनवलेले असतात. तेव्हा दुसऱ्या लॅबने प्रेमाने दिलेली जोडी आली, की आधी शेपटीचा तुकडा घेऊन आरडी-८ तपासा.

दुसरा सापळा आरडी-१ हा दोष. एफव्हीबी आणि सी३एच या जातींच्या उंदरांच्या रॉड पेशी (मंद उजेडात दिसायला लागणारे फोटोरिसेप्टर) जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत जवळपास संपतात. म्हणजे पाळायला सोपे म्हणून एफव्हीबी आणलेत, तर आंधळ्या उंदरांवर दृष्टीचा प्रयोग कराल. पांढऱ्या उंदरांचं वेगळंच : डोळ्यात रंगद्रव्य नाही, त्यामुळे प्रखर उजेडानेच रेटिना खराब होते. पिंजरा मांडणीत सगळ्यात वरच्या फळीवर, दिव्याच्या शेजारी असेल तर तो हलवा.

५. हिस्टॉलॉजी : खरं नुकसान तुमच्याच टेबलावर होतं

कोअरमध्ये आलेला डोळा सुधारता येत नाही. तो जसा काढला, जसा बुडवला, तसाच तो कापला जातो. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

खूण. प्राणी मृत झाल्यावर, पण डोळा जागेवर असतानाच, कॉर्नियाच्या वरच्या टोकाला, घड्याळातल्या बाराच्या जागी, गरम सुईने बारीकसा डाग द्या किंवा दोऱ्याचा एक टाका घाला. डावा-उजवा वेगळ्या बाटलीत. बाटलीवर पेन्सिलीने लिहा. मार्करची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते आणि मग सगळेच डोळे अनामिक.

द्रव. डोळा टिकवण्यासाठी तो ज्यात बुडवतात तो. इथे नवीन माणूस हमखास 'पीएफए (पॅराफॉर्मल्डिहाइड) तर सगळेच वापरतात' म्हणतो. तुम्हाला अँटिबॉडीने रंगवून गोठवलेले छेद घ्यायचे असतील, तर चार टक्के पीएफए ठीक. पण पॅराफिनमध्ये बसवून थरांची जाडी मोजायची असेल, तर नुसत्या पीएफएतला डोळा बऱ्याचदा दगा देतो : रेटिना मागच्या थरापासून सुटते आणि छेदात वाऱ्याने उडालेल्या पडद्यासारखी दिसते. त्यासाठी डेव्हिडसनचा द्रव वापरतात, ज्यात फॉर्मॅलिन, अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिड असतं. रेटिना जागेवर राहते, पण काही अँटिबॉडी त्यात नीट लागत नाहीत. म्हणजे एकच डोळा दोन्ही कामांना पुरेल असं धरू नका. डावा एका कामाला, उजवा दुसऱ्या, असं आधी ठरवा आणि सगळ्या प्राण्यांत तेच पाळा.

लेन्स. उंदराच्या डोळ्यात लेन्स अवाढव्य असते, जवळपास सगळी पोकळी तीच भरून टाकते. आणि ती कडक होते. पात्याखाली ती फुटली की तिचे तुकडे रेटिना फाडत जातात. गोठवून छेद घेताना कॉर्निया कापून लेन्स काढून घेणं बरं. पॅराफिनसाठी कोअरला विचारा, काही जण कॉर्नियात छोटी खिडकी पाडून ठेवायला सांगतात.

छेदाची पातळी. दोन प्राण्यांची तुलना करायची तर दोन्ही छेद ऑप्टिक नर्व्हमधून गेलेले हवेत. मग नर्व्हपासून ठरावीक अंतरांवर बाहेरच्या न्यूक्लिअर थराची (फोटोरिसेप्टरच्या केंद्रकांच्या थराची) जाडी मोजतात, वरच्या बाजूला आणि खालच्या. निरोगी उंदरात त्या थरात केंद्रकांच्या दहा-बारा ओळी असतात. मोजायला सोपं, पण छेद तिरका गेला तर त्याच दहा ओळी पंधरा दिसतात आणि तुमचं औषध गुणकारी ठरतं! फॉर्मवर 'ऑप्टिक नर्व्हमधून, उभा छेद' असं स्पष्ट लिहा.

आणि एक गंमत. डोळा गोठवण्याआधी ज्या चिकट द्रवात बसवतात त्याला ओसीटी म्हणतात. जिवंत डोळ्याच्या रेटिनाचे थर दाखवणाऱ्या यंत्रालाही ओसीटीच म्हणतात. दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही. "उद्या ओसीटी करू" असा निरोप आला तर उंदीर जिवंत न्यायचा की डोळा काढून, हे विचारून घ्या. हसू नका, आमच्याकडे हे घडलं आहे.

६. ईआरजीची अंधारी खोली

ईआरजी म्हणजे डोळ्याचा ईसीजी समजा. प्रकाशाचा झोत दिला की रेटिनातून विजेची लाट उठते. आधी खाली जाणारी ए-लाट फोटोरिसेप्टरची, नंतर वर जाणारी मोठी बी-लाट मुख्यतः बायपोलर पेशींची. उंदराच्या फोटोरिसेप्टरपैकी सुमारे ९७ टक्के रॉड असतात, त्यामुळे अंधारातली नोंद हीच मुख्य.

माणसांच्या तपासणीसाठी आयएससीईव्ही या आंतरराष्ट्रीय संघटनेचं मानक आहे : वीस मिनिटं अंधार, मग नोंद. उंदरांना मात्र बहुतेक लॅब रात्रभर अंधारात ठेवतात. दुसऱ्या दिवशी सगळं काम मंद लाल दिव्यात, कारण रॉड पेशी गडद लाल प्रकाशाला फारसा प्रतिसाद देत नाहीत. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात ती रात्र वाया घालवणारे चोर सगळे खिशात किंवा भिंतीवर असतात : मोबाइलचा पडदा, स्मार्ट घड्याळ, संगणकाच्या मॉनिटरचा कोपरा, ॲम्प्लिफायरवरचा हिरवा ठिपका. आमच्या खोलीत प्रत्येक ठिपक्यावर काळी पट्टी चिकटवलेली आहे आणि मॉनिटरवर लाल प्लास्टिक. मी आत गेल्यावर आधी दिवा बंद करून पाच मिनिटं नुसती बसते. डोळे सरावले की दाराखालची फट दिसायला लागते. एरवी ती कधीच दिसत नाही.

भूल दिली की उंदराचं अंग गार पडतं, आणि गार उंदराची लाट लहान येते. म्हणून खाली गरम गादी हवी, अंगाचं तापमान ३७ अंशांच्या आसपास. डोळे उघडे राहून कोरडे पडतात, लेन्स तात्पुरती दुधाळ होते. बाहुली मोठी करणारे थेंब टाकले की लगेच वरून जेल लावा. दुधाळ झालेली लेन्स बऱ्याचदा उंदीर शुद्धीवर आल्यावर पूर्ववत होते, पण त्या दिवसाची नोंद गेलेली असते.

विजेचा गोंगाट हा भारतातून आलेल्यांचा खास सापळा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, इथे ६०. जुन्या लॅबमधून आणलेली विश्लेषणाची फाइल ५०वर गाळणी लावून बसलेली असेल तर इथे तिचा उपयोग शून्य. तसंही गाळणी लावण्यापेक्षा गोंगाटाचा उगम शोधावा, कारण लाटेतलाच काही भाग त्या पट्ट्यात असतो आणि तोही गाळला जातो. एकेक प्लग काढत जा. बहुधा गुन्हेगार विजेची गादी निघते. कोमट पाणी फिरवणारी गादी असेल तर ती मागा.

क्रम : ईआरजी आधी, फंडसचा (डोळ्याच्या आतल्या मागच्या भागाचा) फोटो आणि ओसीटी नंतर. फोटोच्या दिव्याने रात्रभराचा अंधार एका क्षणात पुसला जातो. एकाच दिवशी दोन्ही बुक करताना हे लक्षात ठेवा, आणि एकाच भुलीत दोन्ही उरकायचं असेल तर तसं प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं हवं.

रेटिनाचं काम दिवसाच्या वेळेनुसार बदलतं, म्हणून सगळे उंदीर दिवसाच्या एकाच वेळी मोजा. इथे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं तासभर पुढे-मागे होतात. प्राणिगृहातल्या दिव्यांचा टायमर बदलतात की नाही, हे विचारा. नाही बदलत असतील, तर तुमचे सकाळचे दहा आणि उंदराचे दहा वर्षातले कित्येक महिने वेगळे.

७. कॉन्फोकल

प्रशिक्षणाला स्वतःचा, चांगला रंगलेला नमुना न्या. कोअरचा नमुना नेहमीच सुंदर दिसतो, त्यातून शिकायला काही मिळत नाही.

फ्लॅटमाउंट म्हणजे रेटिना फुलासारखी चार पाकळ्यांत कापून पसरलेली. कुठली बाजू वर आहे, गँग्लियन पेशींची की फोटोरिसेप्टरची, हे स्लाइडवर लिहा. कव्हरस्लिप '१.५' क्रमांकाची, म्हणजे ०.१७ मिलिमीटर जाडीची. लेन्स त्याच जाडीसाठी घडवलेल्या असतात. कडेचं नेलपॉलिश पूर्ण वाळू द्या.

सगळ्यात महागडी चूक : ६३ पटीच्या लेन्सवर तेल लावून काम केलं, मग 'जरा आजूबाजूचं बघू' म्हणून २० पटीची कोरडी लेन्स फिरवून आणली. ती तेलात बुडाली. कमी पटीचं काम आधी उरका, तेल शेवटी. आणि झालंच असं, तर स्वतः पुसत बसू नका, लगेच सांगा. लपवलेलं तेल पुढच्या माणसाच्या चित्रात दिसतं आणि बुकिंगच्या नोंदीत तुमचं नाव असतंच.

चमक मोजायची असेल तर सगळ्या नमुन्यांना लेझर आणि डिटेक्टरच्या सेटिंग एकच ठेवा, आणि त्या सगळ्यात चमकदार नमुन्यावर ठरवा, फिकट नमुन्यावर नव्हे. म्हाताऱ्या डोळ्यातल्या आरपीई थरात, म्हणजे रेटिनामागच्या रंगद्रव्याच्या थरात, लिपोफ्यूसिन साठतं आणि ते कुठलाही रंग न लावता आपणहून चमकतं. फक्त दुय्यम अँटिबॉडी लावलेली एक स्लाइड सोबत नसेल, तर त्या चमकेलाच तुम्ही तुमचं प्रथिन समजाल.

मूळ फाइल न्या, जेपीजी नव्हे. कोअरचा संगणक ठरावीक दिवसांनी रिकामा करतात आणि आधी विचारत नाहीत.

८. शॉप

हे मॉड्यूल नवीन लोकांच्या लक्षातच येत नाही. उंदराचं डोकं धरायचा साचा, कॅमेऱ्याची बैठक, प्रकाश अडवणारी पेटी, सगळं इथे बनतं. चित्र मिलिमीटरमध्ये काढलंत तर मोठ्या अक्षरात 'मिमी' लिहा, कारण इथे कारागिरांचं पहिलं गृहीतक इंच असतं.

माणसांवर दृष्टीच्या चाचण्या करणाऱ्यांनी पडदा इथेच मोजून घ्यावा. संगणकात दुप्पट आकडा टाकला म्हणजे पडदा दुप्पट उजळ होतो असं नाही. फोटोमीटरने मोजून दुरुस्ती करावी लागते, तीही पडदा अर्धा तास तापल्यावर. बसायचं अंतर ठरवताना ५७ सेंटिमीटर सोयीचं : त्या अंतरावर पडद्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे डोळ्यापाशी साधारण एक अंश.

९. आकडेशास्त्राच्या माणसाकडे वरातीमागून जाऊ नका

प्रयोग संपल्यावर एक्सेलची फाइल घेऊन जाणारे आपण बहुतेक सगळेच. तोवर ते फक्त सांत्वन करू शकतात.

डोळ्यांच्या संशोधनातली खास चूक अशी : आठ उंदीर, सोळा डोळे, म्हणून 'एन', म्हणजे नमुन्यांची संख्या, सोळा. एकाच प्राण्याचे दोन डोळे म्हणजे दोन स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. त्यांचं वय, आईबाप, पिंजरा, सगळं एक. 'एन' आठच. दोन्ही डोळे वापरायचे असतील तर हे नातं लक्षात घेणारं विश्लेषण लागतं, आणि एका डोळ्याला औषध, दुसरा तुलनेला, असा प्रयोग असेल तर जोडीनेच तुलना करायची. समीक्षक हे पहिल्या वाचनात पकडतात.

किती प्राणी लागतील याचं गणितही यांच्याकडूनच करून घ्या. आयएसीयूसीला ते हवंच असतं, म्हणजे एका कामात दोन. मोजणाऱ्याला कुठला डोळा कुठल्या गटातला हे कळू नये म्हणून सांकेतिक क्रमांक द्या, आणि त्या क्रमांकांची वही दुसऱ्या कोणाकडे ठेवा.

१०. व्हेक्टर आणि दान केलेले डोळे

व्हेक्टरसाठी फक्त इतकंच : एएव्ही या जनुक नेणाऱ्या विषाणूमध्ये साधारण ४.७ किलोबेसच मावतात. आरपीई-६५चं जनुक छोटं, म्हणून ते आरामात बसलं आणि त्यावरच्या उपचाराला डिसेंबर २०१७मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. एबीसीए-४ या जनुकाचा प्रथिनाची रचना सांगणारा भागच ६.८ किलोबेसचा, तो एका एएव्हीत बसत नाही. तेव्हा आधी लांबी मोजा, मग कोअरला लिहा. आलेला साठा छोट्या छोट्या नळ्यांत वाटून गोठवा, एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवू नका.

माणसाचे डोळे आय बँकेकडून येतात. फोन रात्री कधीही येतो. मृत्यूनंतर किती तासांत डोळा जतन झाला हा आकडा आणि वय, एवढं तरी प्रत्येक डोळ्यासोबत लिहून घ्या. सहा तासांच्या आणि चोवीस तासांच्या रेटिनाची तुलना केलीत तर आजार नाही, उशीर मोजाल.

११. बिल, गर्दी आणि आभार

बुकिंग केलं आणि गेला नाहीत तरी पैसे लागतात. किती तास आधी रद्द करता येतं ते पाहा. बिल महिन्याअखेर पीआयकडे जातं आणि त्यावर तुमचं नाव, तास, मध्यरात्रीचे चार तास रिकामा चालू राहिलेला लेझर, सगळं असतं.

एआरव्हीओ या दृष्टी-संशोधकांच्या संघटनेच्या वार्षिक संमेलनाची गोषवारे द्यायची मुदत साधारण डिसेंबरच्या सुरुवातीला असते. त्यामुळे नोव्हेंबरभर कॉन्फोकलवर जागा मिळत नाही, आणि त्यात थँक्सगिव्हिंगची सुटी. ऑक्टोबरमध्येच बुक करून ठेवा.

पेपर लिहिताना आभारात पी-३०चा क्रमांक घालणं बंधनकारक आहे. तो 'पी-३० ईवाय' आणि पुढे सहा आकडे असा असतो. दरवर्षीच्या अहवालात कोअरला दाखवावं लागतं की त्यांच्या सोयींमधून किती पेपर निघाले, आणि अनुदानाचं नूतनीकरण त्यावरही ठरतं. नेत्रविभागाला रिसर्च टू प्रिव्हेंट ब्लाइंडनेसचं अनुदान असेल तर त्याचाही उल्लेख करायचा असतो. स्वीकारलेला लेख पबमेड सेंट्रलमध्ये जमा करून त्याचा क्रमांक कोअरच्या मॅनेजरला कळवा, नाहीतर अहवालाच्या आठवड्यात तो तुम्हाला शोधत येईल.

कोअरमधल्या कोणी प्रयोगाची रचना बदलण्याइतकी मदत केली असेल, तर आभार की लेखकांत नाव, हे पहिला मसुदा लिहितानाच पीआयशी बोला. अनुदानाचा क्रमांक मात्र लॅबच्या जुन्या पेपरमधून उचलू नका. आमच्याकडे दोन पेपर एका चुकलेल्या आकड्यासकट छापून आले, कारण दुसऱ्याने पहिल्यातून उतरवला होता. तो कोअरकडूनच घ्या, आणि सहाही आकडे मोठ्याने वाचून जुळवा.